तीस केबीतली याडी

आमची याडी तीस केबीत बसत नव्हती.

आज हे वाक्य कुणाला ऐकवलं तर हसतील. मीसुद्धा हसलो असतो. पण त्या वर्षी याडीला ओट्यावरून अंगणात आलं तरी धाप लागत होती. निजायचं तर पाठीला गाठोडं लावून बसूनच निजावं लागत होतं, आणि तिच्या इलाजाचं घोडं एका फोटोवर अडलं होतं. फोटो काढणारा दुसरा कुणी असता तर त्याला चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. फोटो काढणारा मीच होतो.

याडी म्हणजे आई. आमच्या बंजारा तांड्यावर सगळे आईला याडीच म्हणतात. घरात आम्ही आमची गोरमाटी बोली बोलतो आणि फाट्यावर गेलो की मराठी. इथे घरातलं बोलणंही फाट्यावरच्या मराठीत लिहितो, म्हणजे वाचणाऱ्याला तकलीफ नको.

फाटा म्हणजे वारंगा फाटा. तिथे खिचडीच्या हॉटेलाला लागून माझा फोटो स्टुडिओ होता. नव्वदच्या दशकात नांदेडला एका म्हाताऱ्या फोटोग्राफरच्या हाताखाली मी रोलच्या कॅमेऱ्यावर काम शिकलो. तेव्हा फोटो दुरुस्त करायचा म्हणजे निगेटिव्ह उजेडावर धरायची आणि टोकदार पेन्सिलीनं देवीचे व्रण बुजवायचे. पुढे डिजिटल कॅमेरा आला, कंप्युटर आला आणि पेन्सिलीचं काम माऊसवर गेलं. माझं नाव मात्र झालं ते मेलेल्या माणसांच्या फोटोंमुळे. बाप गेला की पोरं कुठल्यातरी लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन यायची आणि म्हणायची, "यातला आमचा बा तेवढा काढून द्या." मी घोळक्यातून बाप वेगळा करायचो, त्याला कोट घालायचो, फेटा बांधायचो, मिटलेले डोळे उघडायचो. जन्मात कोट अंगाला न लागलेली किती माणसं मी मेल्यावर साहेब करून टाकली! घरचे हार घालून समाधानानं बघत बसायचे.

मी चिडका माणूस आहे. गिऱ्हाईक "जरा गोरं करा" म्हणालं की माझं डोकं फिरायचं. "रंग बापानं दिला, मी काहून बदलू?" असं तोंडावर बोलायचो आणि मग पोटासाठी गोरं करून द्यायचो. त्यामुळे नियमवाल्यांशी माझं कधी पटलं नाही, पण नियमांपुढे माझं कधी चाललंही नाही.

धाकटा भाऊ फौजेत होता, लांब वर, डोंगरात. याडीच्या काळजाची एक झडप आखडली आहे असं नांदेडच्या डॉक्टरनं सांगितल्यावर मार्ग त्यानंच काढला. फौजी माणसाच्या आईबापांना पुण्याच्या मोठ्या फौजी दवाखान्यात इलाज मिळतो. मांडीतून नळी घालून झडप उघडतात, छाती फाडावी लागत नाही. त्यासाठी आईबापांचं ओळखपत्र लागतं. त्याचे सगळे कागद भावानं तिकडेच पुरे केले, राहिला तो फोटो. टपालानं पाठवला तर वाटेत बर्फात कुठे अडकेल सांगता येत नव्हतं, म्हणून मेलनं पाठवायचा ठरला. शेजारच्या एसटीडीवर त्याचा फोन आला.

"भिया, ध्यान देऊन ऐक. साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटर. तीनशे डीपीआय. जेपीजी. तीस केबीच्या आत. मागं पांढरा पडदा. डोक्यावर कायी नको, अन् दोन्ही कान दिसले पायजेत."

"कान?"

"व्हय, कान."

"इलाज काळजाचा करायचाय का कानाचा?"

"मला काहून इचारून राहिला? नियम हाय. इथं सगळ्यायचे असेच फोटो हायत."

जखम मांडीला अन् मलम शेंडीला, असं पुटपुटत मी फोन ठेवला. पण मनात म्हटलं, आपलं तर कामच हे. एका फोटोची काय कथा!

बाचा फोटो आधी झाला. टोपी काढली, पांढरा सदरा, मागे पांढरा पडदा. फाइल बाविसावर आली आणि बा पास झाला. "बघ, आपुन हलकंफुलकं माणूस," असं म्हणून त्यानं टोपी पुन्हा चढवली आणि तो खिचडी खायला गेला.

याडीची गोष्ट वेगळी. तिची पिढी तांड्याचा सगळा साज अंगावर घालायची. आरसे लावलेली ओढणी, कवड्या, रंगीत दोऱ्यांचं भरतकाम आणि कानशिलांवरच्या वेण्यांत गुंफलेल्या चांदीच्या टोपल्या. टोपली म्हणजे घुंगरांचा लोंबता झुबका. दोन्ही बाजूंनी कान झाकून तो गालांवर उतरतो. लग्नात बाईच्या केसांत बांधतात आणि नवरा गेल्यावर सोडतात. मधल्या काळात तो काढायचा नसतो. याडी डोकंसुद्धा टोपल्यांसकट धुवायची. उठता बसता दोन्ही हात गालांपाशी नेऊन ती त्या सारख्या करायची. घुंगरांच्या त्या आवाजावरून ती घरात कुठे आहे ते आम्हाला कळायचं. तिचे कान मी कधी पाहिले नव्हते. धाकट्यानंही पाहिले नव्हते. आईला कान असतील हे आम्ही गृहीत धरलेलं.

पहिला फोटो मी टोपल्यांसकटच काढला. म्हटलं, बघू, खपून जाईल. बा तिला मोटारसायकलवर मागे बसवून हळूहळू फाट्यावर घेऊन आला. ओढणी तिनं कुरकुरत डोक्यावरून मागे सारली, तेवढं तिनं माझ्यासाठी केलं. फोटो मात्र सुरेख आला. काळासावळा चेहरा, गोंदण, दोन्हीकडे चांदी आणि ओढणीतले आरसे लखलख करणारे. मी सांगितलेल्या मापात कापला, जेपीजी करायला घेतला तर फाइल सत्तरच्या पुढे!

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. केबी म्हणजे फोटोचं वजन समजा. साध्या, सपाट फोटोचं वजन कमी भरतं. कलाकुसर जितकी बारीक तितकं वजन जास्त. पांढऱ्या सदऱ्यातला माणूस बाविसात बसतो. पण शंभर आरसे, दोनशे घुंगरं आणि रंगारंगांचे टाके असलेली बाई तीसमध्ये कशी बसणार? नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते इथे अक्षरशः झालं होतं.

वजन उतरवायचा एक उपाय असतो, क्वालिटीची पट्टी खाली ओढायची. ओढली. पन्नास झाले, चाळीस झाले, तीस झाले आणि याडीचा चेहरा उखडलेल्या फरशीसारखा चौकोनी तुकड्यांचा झाला. तोच पाठवला. उत्तर आलं, चेहरा स्पष्ट नाही. मग ओढणी जवळजवळ सगळी कापून नुसता चेहरा आणि टोपल्या ठेवून पाठवला. उत्तर आलं, डोकं कापलं आहे, कान दिसत नाहीत.

"इथले साहेब चांगले हायत रे," धाकटा फोनवर म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "पण ते पुढं जातच न्हाई. कान दिसल्याबिगर मागं येऊन राहिलं. याडीला सांग ना, घडीभर काढ मनावं."

सांगायचं कुणी? मी सांगितलं. याडी ओट्यावर पाठीला गाठोडं लावून बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, धाप खाली बसेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाली, "तुहा बा शेतात हाय. जित्ता हाय. अन् तू मला टोपली सोड मंतोस?"

"घडीभर, याडी. फोटोपुरती."

"घडीभर रांडाव व्हऊ? मंग मला न्हाई जगायचं. जा, तुह्या कंप्युटरला सांग."

शेजारी तिची नणंद, म्हणजे माझी आत्या, तूर निवडत बसली होती. ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी, आमच्या घरी आलेली. गालांवर टोपल्या नाहीत, ओढणी काळपट आणि साधी. ती मान खाली घालून म्हणाली, "बराबर हाय तिचं. एकबार सुटली का मंग पुन्हा बांधाची म्हनून कोन बांधतंय?"

मी चिडून उठलो. कुणावर चिडलो होतो ते आज नीट सांगता येत नाही. याडीवर, आत्यावर, नियमावर, त्या तीस आकड्यावर. श्वास पुरत नाही आणि घुंगरांची पडली आहे, असंही मनात आलं. पण तिच्या जागी मी असतो तर काय केलं असतं तेही कळत नव्हतं. तिचे पाय सुजायला लागले होते. बोटानं दाबलं की खळगा राहायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होतो तेवढ्यात बा आला. एकटाच. स्टूल ओढून कंप्युटरपाशी बसला.

"तू मेलेल्यायला कोट घालतोस ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"मंग जित्तीची टोपली काढता येती का न्हाई?"

ही युक्ती मला सुचली नव्हती असं नाही. सुचली होती, आणि हात धजत नव्हता. माझं निम्मं आयुष्य खोट्या फोटोंत गेलं होतं, पण हे मला नको होतं.

"काढ," बा म्हणाला. "तिच्या केसाला हात लावाचा न्हाई. फोटोतलीच काढ. अन् माह्यासमोर काढ. मी इथं बसलो हाय, जित्ता, बिडी पिऊन राहिलो. मंग कसला आलाय अपशकुन?"

मी फोटो उघडला. आधी ओढणी घेतली. एकेक आरसा साध्या कापडानं झाकत गेलो. कवड्या पुसल्या. भरतकाम पुसलं. मधेमधे वजन बघायचो. सत्तरवरून साठ. साठवरून पन्नास. बाला केबी कळत नव्हतं, पण काटा कळत होता. कापूस घालायला गेल्यावर व्यापाऱ्याच्या काट्याकडे बघावं तसा तो पडद्यावरच्या आकड्याकडे बघत होता.

"किती भरली?"

"पंचेचाळीस."

"अजून जड हाय. चालू दे."

मग टोपल्या. डावी आधी घेतली. घुंगरू घुंगरू खोडत वर वर गेलो. बानं बिडी विझवली. उजवी संपली तेव्हा पडद्यावर आमची याडी होती आणि नव्हतीही. गाल उघडे, केस सपाट आणि कानांच्या जागी नुसती कातडी. कारण कान फोटोत नव्हतेच, मी आणणार कुठून? मी हसलो नाही आणि बासुद्धा हसला नाही.

"कान?" त्यानं विचारलं.

"कुणाचे तरी लावावे लागतील. तिच्या वयाच्या, तिच्या रंगाच्या बाईचे. उघडे कान असलेल्या."

आम्ही दोघंही एकाच बाईचा विचार करत होतो. निराधारांच्या पगारासाठी मी आत्याचा फोटो काढलेला होता, तो कंप्युटरात होता. बानं विझलेली बिडी पुन्हा पेटवली. रस्त्यावरून मालमोटारी जात होत्या आणि काचा थरथरत होत्या.

"माह्या बहिनीचे लाव," तो शेवटी म्हणाला.

लावले. लांब पाळ्यांचे, एकेकाळी जड दागिन्यांनी ओघळलेले कान. रंग जुळवला, कडा मऊ केल्या, जेपीजी केली. अठ्ठावीस. बा उठला, पडद्याच्या अगदी जवळ गेला आणि त्या चेहऱ्याकडे पाहून एवढंच म्हणाला, "मी गेल्यावर अशी दिसंल व्हय." आणि टोपी सारखी करून निघून गेला. मला त्याचा राग आला. असं बोलायची काय गरज होती? पण खरं सांगायचं तर मलाही तेच दिसत होतं.

फोटो पास झाला. काही आठवड्यांनी गावाकडे रजेवर आलेल्या एका फौजीच्या हाती दोन्ही कार्डं आली. मला वाटलं होतं की याडी कार्ड बघणारच नाही, तिला काय त्याचं? पण तिनं ते हातात घेतलं, उजेडाकडे तिरपं धरलं आणि अंगठ्यानं चेहऱ्यावरून पुसलं.

"हे कान माहे न्हाईत."

तिनं कार्ड आणखी जवळ धरलं.

"हे ताईचे हायत," ती म्हणाली. नणंदेला ती ताई म्हणायची.

आत्यानं सूप खाली ठेवलं आणि कार्ड बघायला आली. मग जे झालं ते मी विसरणार नाही. आत्या कधी मोठ्यानं बोलणारी नव्हती. ती माझ्यावर ओरडली, "माहे कान लावलेस? माहे? साऱ्या तांड्यात तुला माहेच घावले? आरं, माहं नशीब लावलंस तिला!" आणि आत जाऊन तिनं दार लोटून घेतलं. मी असल्या गोष्टी मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो. तरी पहिल्यांदा मी बाकडे बघितलं.

याडीनं कार्ड उपडं करून ओट्यावर ठेवलं. "मी हे घेऊन कुठंच जानार न्हाई," ती म्हणाली.

पाय सुजलेले, ओठ निळसर पडलेले, कार्ड तयार आणि बाई जायला तयार नाही. माझ्या तोंडातून काहीतरी वाईट निघणार होतं, तेवढ्यात बानं हात वर करून मला थांबवलं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"मी बसून काढाय लावली," तो म्हणाला. "याची गलती न्हाई. मी होतो तिथं. आता ऐक. जिथं जिथं हे कारड दाखवाचं, तिथं तिथं मी तुह्या बाजूला उभा राहीन. फोटोत टोपली न्हाई तर न्हाई, टोपलीचा धनी तर उभा हाय ना? मंग बोल."

याडीनं त्याच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात गालांपाशी नेऊन तिनं टोपल्या सारख्या केल्या. घुंगरं वाजली. आम्हाला समजलं की ती जाणार.

पुण्याला आम्ही तिघं गेलो. दवाखान्याच्या फाटकावर, खिडकीवर, वॉर्डाच्या दारात, जिथे कार्ड मागायचे तिथे बा लगबगीनं पुढे होऊन तिच्या उजव्या बाजूला उभा राहायचा, छाती काढून, फोटो काढायला उभा असल्यासारखा. फाटकावरच्या जवानानं कार्ड पाहिलं, याडीच्या गालांवरची चांदी पाहिली आणि विचारलं, "माताजी, ये आप ही हो?" याडीला हिंदी फारसं येत नव्हतं. बाच पुढे होऊन म्हणाला, "वोही है साब. मैं उसका आदमी. जिंदा." तो जवान हसला आणि त्यानं आम्हाला आत सोडलं.

आणि मला जे आजही डाचतं ते हे. झडप उघडायच्या दिवशी याडीला आत नेताना मी घाबरलो होतो की आता इथे टोपल्या सोडायला लावतील. तिथली नर्स आली, तिनं टोपल्यांकडे बघितलं, याडीनं त्या घट्ट धरल्या आहेत हेही बघितलं. तिनं काही विचारलं नाही. पांढरी पट्टी घेतली, दोन्ही टोपल्या केसांसकट गुंडाळल्या, वर चिकटपट्टी लावली. "राहू द्या, आपलं काम मांडीत आहे," असं म्हणून ती याडीला घेऊन गेली. जिथे जीव हातात धरायचा होता तिथे टोपल्या आड आल्या नाहीत. आल्या त्या फक्त फोटोला. मी बाहेर बाकावर बसून रडलो, आणि त्यात राग किती आणि भीती किती ते मला वेगळं करता येत नव्हतं.

याडी बरी झाली. ओट्यावरून अंगणात, अंगणातून बांधापर्यंत, पुढे डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन शेतापर्यंत जाऊ लागली. कार्ड तिनं पेटीत तळाशी उपडं ठेवलं. तपासणीला जायची वेळ आली की बानंच ते काढायचं आणि खिशात ठेवायचं.

काळीज बिघडलं होतं याडीचं, थांबलं ते बाचं. दोन वर्षांनी ऐन थंडीत, तुरीच्या बांधावर बसल्या बसल्या. कसलं दुखणं नाही, कुरकुर नाही. भाकरी घेऊन गेलेल्या याडीलाच तो सापडला, पाठ बाभळीला टेकलेली, टोपी मांडीवर काढून ठेवलेली.

रिवाजाप्रमाणे टोपल्या सोडायच्या होत्या. ते काम विधवा बाईनं करायचं असतं. आत्यानं केलं. मला वाटलं होतं, ती माझ्याकडे बघेल. काहीतरी बोलेल. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, की हे सगळं खुळं आहे, काळजाचा झटका आहे, कंप्युटरचा आणि त्याचा काय संबंध. आत्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती गाठी सोडत होती. इतक्या वर्षांच्या गाठी, सुटता सुटत नव्हत्या. ती याडीला हळूच म्हणत होती, "दुखतंय का गं? दुखतंय का?" उत्तर तयार ठेवल्याची मला लाज वाटली.

पुढच्या वर्षी धाकट्याचा फोन आला. कार्डं बदलून राहिले, नवीन फोटो पाहिजे. माप तेच, तीस केबी, पांढरा पडदा, डोकं उघडं, दोन्ही कान.

मी याडीला मोटारसायकलवरून फाट्यावर आणली. काळपट साधी ओढणी, ना आरसा ना कवडी. तिनं न सांगताच ओढणी मागे सारली आणि पांढऱ्या पडद्यापुढे बसली. मी कॅमेरा लावला आणि काचेतून तिचे कान पहिल्यांदा धडपणे पाहिले. ती टोपल्यांविना वर्षभर घरात होती, पण मी बघत नव्हतो. आत्यासारखे मुळीच नव्हते. लहान, पाळी गालाला चिकटलेली, वरची कड थोडी दुमडलेली. माझा हात आपोआप माझ्या कानाकडे गेला. तशीच पाळी, तीच दुमड. त्या दिवशी मी तिच्या रंगाच्या, तिच्या वयाच्या बाईचे कान शोधत बसलो होतो, आणि याडीचे कान माझ्याच डोक्याला होते.

फोटो कंप्युटरात घेतला. मापात कापला. जेपीजी केली. एकोणीस. पट्टी ओढावी लागली नाही, पुसावं लागलं नाही, काही जोडावं लागलं नाही. मेल केला, आणि आम्ही शेजारी खिचडी खाऊन येतो तोवर एसटीडीवर धाकट्याचा फोन येऊन गेला होता. पहिल्याच खेपेला पास.

मी याडीला सांगितलं. ती स्टुलावर बसली होती, बाच्या त्याच स्टुलावर. पडद्यावर तिचा फोटो अजून उघडा होता. तिनं तो पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"या बारीला काय काय काढलंस?" तिनं विचारलं.

"कायीच न्हाई, याडी."

तिनं मान हलवली. आणि उठताना, सवयीनं, दोन्ही हात गालांपाशी नेले.